गाण्यांचा रिमोट टीपॉयवर हवा: घरात संगीताची सोय करायची, अगदी पहिल्यापासून

आमचं घर ठाण्यात पाचपाखाडीला, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. काही वर्षांपूर्वी मी हॉलमध्ये एक चांगला ब्लूटूथ स्पीकर आणला आणि माझ्या फोनला जोडला. आवाज छान होता, सगळे खूश होते. मग हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. सकाळी साडेआठला मी ऑफिससाठी स्टेशनकडे निघालो की घरातली गाणीही माझ्याबरोबर निघायची. बाबांनी आयुष्यभर सकाळी दाढी करताना रेडिओ ऐकलेला, ते दिवसभर शांत घरात बसून असायचे. संध्याकाळी मी परत आलो की म्हणायचे, "जरा काहीतरी लाव रे." लाव रे! स्वतःच्या घरात स्वतःच्या आवडीचं गाणं लावायला त्यांना माझी वाट पाहावी लागत होती.

आज आमच्या टीपॉयवर चष्म्याच्या डबीशेजारी एक जुना फोन पडलेला असतो. त्यात सिम नाही, व्हॉट्सॲप नाही. तो फक्त गाण्यांचा रिमोट आहे. घरातलं कुणीही तो उचलतं आणि हवं ते लावतं. बाबा दिवसातून तीन-चारदा लावतात. ही सोय कशी करायची ते इथे सांगतो. संगणकाची फारशी माहिती नसली तरी दोन रविवार पुरतात.

आधी हे समजून घ्या: गाणं कुठून कुठे जातं

घरातल्या संगीतात तीन कामं असतात. गाणी साठवून ठेवणं, ती वाजवणं आणि काय वाजवायचं ते सांगणं. पहिलं काम करतो त्याला सर्व्हर म्हणू, दुसरं करतो तो प्लेअर, तिसरं करतो तो कंट्रोलर. ब्लूटूथमध्ये ही तिन्ही कामं एकाच फोनच्या गळ्यात पडतात. म्हणून फोन आला की गाणं थांबतं, फोन घेऊन गॅलरीत गेलं की आवाज तुटतो आणि फोनचा मालक बाहेर गेला की सगळंच बंद.

ही कामं वेगळी केली की चित्र बदलतं. गाणं सर्व्हरवरून थेट प्लेअरकडे जातं. कंट्रोलरमधून गाणं जातच नाही. तो फक्त "हे लाव", "थांब", "आवाज थोडा कमी" एवढे चिमुकले निरोप वायफायवरून पाठवतो. त्यामुळे गाणं चालू असताना कंट्रोलर बंद केला, चार्जिंग संपलं, हातातून पडला, तरी गाणं चालूच राहतं. घरात एकाच वेळी तीन कंट्रोलर असले तरी भांडण नाही, कारण तिघांनाही सध्या काय वाजतंय ते दिसतं.

टीव्हीच्या साध्या रिमोटशी तुलना केली तर फरक लगेच कळेल. तो इन्फ्रारेड किरणांवर चालतो, समोर धरावा लागतो आणि निरोप फक्त एका दिशेनं जातो. टीव्ही त्याला परत काही सांगत नाही. वायफायवरचा कंट्रोलर दोन्ही बाजूंनी बोलतो. स्वयंपाकघरात उभं राहून हॉलमध्ये कोणता राग चाललाय, गायक कोण, पुढे काय येणार, हे सगळं हातातल्या पडद्यावर वाचता येतं. माझ्या मते या सगळ्या मांडणीचा जीव तिथे आहे. स्पीकर कितीही महाग घेतला आणि गाणं शोधायला पाच मिनिटं लागली, तर माणूस शोधायचं सोडून देतो.

थोडा इतिहास, कारण त्यातून खरेदीची चूक टळते

हातात धरायचा खास गाण्यांचा कंट्रोलर ही कल्पना नवी नाही. सोनोस या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीनं २००५ मध्ये सीआर १०० नावाचा कंट्रोलर आणला. त्याला रंगीत पडदा आणि अंगठ्यानं फिरवायचं चाक होतं. लॉजिटेकनं २००६ मध्ये स्लिम डिव्हायसेस ही छोटी कंपनी विकत घेतली आणि २००८ मध्ये स्क्वीझबॉक्स ड्युएट हा प्लेअर आणि कंट्रोलरचा जोड बाजारात आणला. त्यातल्या प्लेअरला पडदाच नव्हता. सगळी शोधाशोध हातातल्या कंट्रोलरवर करायची. पडदा माणसाच्या हातात हवा, कपाटातल्या खोक्यावर नको, हा विचार त्यामागे होता आणि तो मला आजही पटतो.

पण त्याच सुमारास स्मार्टफोन आले, ॲपची दुकानं उघडली आणि वेगळा कंट्रोलर विकत घ्यायचं कारण लोकांना उरलं नाही. लॉजिटेकनं २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्सची मालिका थांबवली. सोनोसनं २०१८ मध्ये सीआर १०० ला सॉफ्टवेअरचा आधार देणं बंद केलं. ज्यांनी ते घेतले होते त्यांच्या हातात चांगलं चालणारं यंत्र होतं, पण ते पुढे वापरायची सोय नव्हती.

स्क्वीझबॉक्सचं नशीब मात्र वेगळं निघालं. त्याचं सर्व्हर सॉफ्टवेअर मुक्त स्रोत होतं, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला होता. कंपनी बाजूला झाली तरी वापरणाऱ्यांनी ते जिवंत ठेवलं. लॉजिटेकनं आपली ऑनलाइन सेवा २०२४ मध्ये बंद केली, तेव्हा या मंडळींनी सॉफ्टवेअरचं नाव बदलून लिरियन म्युझिक सर्व्हर ठेवलं आणि काम पुढे चालू ठेवलं. आजही ते फुकट मिळतं, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. म्हणूनच नवख्या माणसाला मी तेच सुचवतो. कंट्रोलर कुठलाही असो, त्यामागचं सॉफ्टवेअर कुण्या एका कंपनीच्या मर्जीवर नसावं.

पहिली पायरी: वायफाय नीट करा

इथे घाई करू नका. माझ्या ओळखीत ज्यांनी हा उद्योग अर्ध्यावर सोडला, त्यातले बहुतेक इथेच अडकले.

लोकांना वाटतं, गाण्यांसाठी वेगवान इंटरनेट लागतं. तसं नाही. सीडीच्या दर्जाचं गाणं, जराही न दाबता पाठवलं, तरी सेकंदाला १.४ मेगाबिटच्या आसपास जागा लागते. साधं वायफायही त्याच्या कितीतरी पट वाहून नेतं. आपल्याला वेग नको, सातत्य हवं. घरातल्या घरात गाणी वाजवताना तर इंटरनेटची गरजच नाही, फक्त राउटर चालू हवा.

सातत्य बिघडतं ते भिंतींमुळे आणि शेजाऱ्यांमुळे. आमच्या जुन्या इमारतीत विटांच्या भिंती आहेत, तिथे एका राउटरवर काम भागलं. माझी बहीण घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या एका नव्या टॉवरमध्ये राहते. तिच्याकडे भिंतीसुद्धा काँक्रीटच्या, ॲल्युमिनियमच्या साच्यात एकसंध ओतलेल्या. बिल्डर लोक त्याला मिवान म्हणतात. आत लोखंडी जाळी. हॉलमधलं वायफाय मागच्या बेडरूमपर्यंत पोहोचताना पार दमून जातं. अशा घरात दोन उपाय आहेत. एक, प्लेअरला शक्य तिथे केबलनं जोडायचं. दुसरा, मेश प्रकारचे, म्हणजे मिळून एकच वायफाय पसरवणारे, दोन राउटर घेऊन एक मधल्या पॅसेजमध्ये ठेवायचा. राउटर टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटात कोंबू नका. ते फार जण करतात, कारण तिथेच केबलवाला वायर सोडून जातो.

वायफायचे साधारणपणे दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ भिंतीतून बरं जातं पण तिथे गर्दी फार. आमच्या हॉलमध्ये फोनवर बघितलं तर शेजारपाजारची वीसेक नावं दिसतात. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ साठी १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यात रिकामा चॅनल निवडा. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. प्लेअर राउटरच्या जवळ असेल तर त्याला ५ वर टाका.

आता सगळ्यात फसवी अडचण. ब्रॉडबँड घेतलं की कंपनी आपला एक राउटर बसवते. त्याची रेंज पुरत नाही म्हणून आपण बाजारातून दुसरा आणतो आणि त्याला जोडतो. आता घरात नकळत दोन वेगळी नेटवर्कं तयार झालेली असतात. सर्व्हर एकावर, कंट्रोलर दुसऱ्यावर. दोन्हीकडे इंटरनेट व्यवस्थित चालतं, म्हणून संशयही येत नाही. पण ॲप म्हणतं, सर्व्हर सापडत नाही. मी यात एक पूर्ण रविवार घालवला आहे. उपाय सोपा आहे: दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. मग तो फक्त रेंज वाढवतो, वेगळं घर मांडत नाही. तसंच, पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवर कंट्रोलर जोडू नका. तिथली उपकरणं घरातल्या इतर उपकरणांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते.

शेवटचं, सर्व्हरचा पत्ता पक्का करा. राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता देतो आणि कधीकधी बदलतोही. राउटरमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन अशी सोय असते, तिथे सर्व्हरचा पत्ता कायमचा बांधून टाका. नाहीतर एखाद्या दिवशी वीज जाऊन आली की कंट्रोलर जुन्या पत्त्यावर दार ठोठावत बसतो. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते-येते, तेव्हा राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस जोडला तर फारच बरं.

दुसरी पायरी: सर्व्हर आणि प्लेअर

सुरुवातीला काही विकत घेऊ नका. घरातल्या लॅपटॉपवर लिरियन टाका, त्याला गाण्यांचा फोल्डर दाखवा आणि चार दिवस वापरून बघा. ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता, अपूर्णविराम (:) आणि ९००० हा आकडा टाकला की त्याचं पान उघडतं. आवडलं, तर पुढे जा.

कायमच्या सोयीसाठी रास्पबेरी पाय हा खेळायच्या पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक उत्तम. दिवसरात्र चालू ठेवला तरी वीज नगण्य खातो. त्यावर पायकोअरप्लेअर हे सॉफ्टवेअर टाकायचं, हेही फुकट आहे. ते चालू होताना स्वतःला मेमरीत उतरवून घेतं आणि मग मेमरी कार्डवर फारसं लिहीत नाही. त्यामुळे अचानक वीज गेली तरी कार्ड खराब व्हायची भीती कमी. एकाच पायवर सर्व्हर आणि प्लेअर दोन्ही चालतात. फक्त सर्व्हर टाकण्यापूर्वी पायकोअरप्लेअरच्या पानावरून कार्डावरची जागा वाढवून घ्या, नाहीतर जागा अपुरी पडते. चार्जर जुना-पुराणा वापरू नका. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा लागतो. कमी पडला की गाणं मध्येच अडखळतं आणि आपण उगाच वायफायला दोष देत बसतो.

पायचा स्वतःचा हेडफोनचा जॅक बेताचा आहे आणि काही मॉडेलना तो नसतोच. यूएसबीला लावायचा एक साधा डॅक घ्या. डॅक म्हणजे आकड्यांतलं गाणं विजेच्या लहरींत बदलणारा तुकडा. तिथून वायर तुमच्या जुन्या ॲम्प्लिफायरच्या ऑक्स लिहिलेल्या जॅकला. बाबांचा जुना ॲम्प्लिफायर आणि लाकडी स्पीकर माळ्यावर होते. ते खाली काढले, धूळ झटकली, आणि त्यांच्यासारखा आवाज मला आजवर कुठल्याही ब्लूटूथ डबीतून मिळालेला नाही. तुमच्याकडे असे असतील तर भंगारात देऊ नका.

पाय, डॅक, केबली हे ऑनलाइन मिळतं. हातात घेऊन बघायचं असेल तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एक फेरी मारा.

तिसरी पायरी: कंट्रोलर, म्हणजे खरं काम

ड्रॉवरमध्ये एखादा जुना अँड्रॉइड फोन असतोच. काच तडकलेली असली तरी चालेल, स्पर्श कळला म्हणजे झालं. बॅटरी मात्र तपासा. मागचं झाकण फुगलेलं असेल तर तो फोन वापरायचाच नाही, थेट ई-कचऱ्यात.

फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करा. सिम काढा. नंतर घरच्या वायफायवर जोडा आणि सर्व्हरवर मटेरियल स्किन नावाचं प्लगइन, म्हणजे सर्व्हरला लावायचा जादा भाग, चालू करा. त्याचं पान फोनच्या ब्राउझरमध्ये उघडून होम स्क्रीनवर ठेवलं की ते ॲपसारखंच वागतं. वेगळं ॲप हवं असेल तर अँड्रॉइडसाठी स्क्वीझर आहे, आयफोन किंवा आयपॅडसाठी आयपेंग. मला मटेरियल आवडतं, कारण त्यात अक्षरं मोठी करता येतात आणि नको त्या गोष्टी लपवता येतात.

आता फोनचा फोनपणा काढून टाकायचा. सगळ्या सूचना बंद. बाकीची ॲप लपवून किंवा काढून टाका. सेटिंगमध्ये ॲप पिन करायची सोय असते, ती वापरली की चुकून बोट लागून दुसरीकडे जाता येत नाही. बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली फोन ॲप झोपवतो, तेवढं त्या ॲपपुरतं बंद करा, नाहीतर प्रत्येक वेळी उचलल्यावर जोडणी व्हायला दहा सेकंद जातात. दहा सेकंद म्हणजे काही नाही असं तुम्हाला वाटेल. बाबांसाठी त्या दहा सेकंदांचा अर्थ "हे बिघडलंय" असा होता आणि ते फोन खाली ठेवून द्यायचे. उचलला की लगेच तयार, हे जमेपर्यंत सेटिंग सोडू नका. स्क्रीन लॉकही नको.

चार्जिंगचा प्रश्न उरतो. फोन कायम चार्जरला लावून ठेवला की बॅटरी काही वर्षांत फुगू शकते. फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर टायमरचा प्लग घेऊन रोज तास-दीड तास चार्ज होईल असं करा. आणि फोनची एक जागा ठरवा. आमच्याकडे टीपॉयवर एक लाकडी स्टँड आहे. रिमोटला जागा नसली की तो सोफ्याच्या गादीखाली जातो, हे टीव्हीमुळे सगळ्यांनाच माहीत आहे.

आवाजाची वरची मर्यादा आधीच बांधून घ्या. कंट्रोलरवर आवाज १०० वर नेऊन ॲम्प्लिफायरचं बटण हळूहळू फिरवा आणि घरात सहन होईल त्या जास्तीत जास्त आवाजावर थांबा. त्या जागी टिकलीएवढा स्टिकर लावा. आता नातवंडांनी कितीही वर ओढलं तरी स्पीकर फाटत नाही आणि खालच्या मजल्यावरचे काका वर येत नाहीत.

कंट्रोलरचं पहिलं पान: इथे घरच्यांचा विचार करा

ॲप उघडल्यावर कलाकार, अल्बम, प्रकार, वर्ष अशी यादी येते. ही यादी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या डोक्यातली आहे. आपल्या घरात कुणी म्हणत नाही की १९८४ चं काहीतरी लाव. आपण म्हणतो, सकाळचं काहीतरी लाव, आजीचे अभंग लाव, जेवताना हळू काहीतरी लाव.

म्हणून फेव्हरिट्सची यादी पहिल्या पानावर आणा आणि ती घराच्या बोलीत लिहा. आमच्या यादीत पहिलं "सकाळ" आहे: भैरव, तोडी, ललत. मग "संध्याकाळ": यमन, मारवा, पूरिया. मग "रात्र": बागेश्री, मालकंस, दरबारी. प्रत्येकाच्या मागे मी एकेक प्लेलिस्ट बांधली आहे आणि ती दर वेळी उलटसुलट क्रमानं वाजते. बाबांना राग शोधावा लागत नाही, वेळ बघून बोट ठेवलं की झालं. चौथं "आई". त्यात भावगीतं, नाट्यपदं आणि अभंग. पाचवं "रेडिओ". ज्या आकाशवाणी केंद्रांचं प्रसारण इंटरनेटवर मिळतं ती त्यात टाकली आहेत. विविध भारती १९५७ पासून आहे, बाबांच्या लहानपणापासूनची. ती लागते तेव्हा त्यांना रिमोटबद्दल काहीही समजावून सांगावं लागत नाही.

पाचपेक्षा जास्त ठेवू नका. मी एकदा बारा केली होती. कुणीच वापरली नाहीत.

चौथी पायरी: नावं नीट लिहा

हे कंटाळवाणं काम आहे, पण कंट्रोलरची सगळी किंमत यावर ठरते. हातातला पडदा तेवढंच दाखवणार जेवढं फाइलमध्ये लिहिलंय.

गाण्याच्या फाइलीत कलाकार, अल्बम, शीर्षक अशी माहिती लिहिलेली असते, तिला टॅग म्हणतात. आपल्या संगीतात हे टॅग भयंकर विस्कटलेले असतात. एकाच माणसाची नावं बघा: भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी, वर रोमन लिपीतली आणखी दोन-तीन रूपं. कंट्रोलर त्यांना पाच वेगळे गायक समजतो. किशोरीताईंचं आडनाव कुठे आमोणकर, कुठे अमोणकर, कुठे आमोनकर. तुम्ही एका ठिकाणी शोधता आणि वाटतं की आपल्याकडे त्यांच्या दोनच बैठका आहेत, प्रत्यक्षात सात असतात.

एमपीथ्रीटॅग नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या. एका कलाकाराच्या सगळ्या फाइली निवडायच्या आणि नाव एकदाच दुरुस्त करायचं. नियम स्वतःचा ठरवा आणि तो वहीत लिहून ठेवा. माझा नियम असा: नावापुढे पदवी नाही, लिपी देवनागरी, आणि शीर्षकात आधी राग, मग बंदिशीचा मुखडा, मग ताल. "यमन" आधी आल्यामुळे शोधात सगळे यमन एका खाली एक लागतात आणि वेगवेगळ्या घराण्यांचा यमन ऐकत एक संध्याकाळ कशी जाते कळत नाही. मुखपृष्ठाचं चित्र प्रत्येक फोल्डरमध्ये टाका. आई नावं वाचत नाही, चित्रं ओळखते. सीडीवरचा तो पिवळा कागद तिला लांबूनही कळतो.

एका दिवसात सगळं करायला जाऊ नका. मी रोज रात्री एक सीडी धरली होती.

सीडी संगणकावर घेताना फ्लॅक प्रकारात घ्या. त्यात आवाजाचं काहीही कापलं जात नाही आणि एका सीडीला साधारण ३०० ते ४०० एमबी लागतात. म्हणजे ५०० सीडी २०० जीबीच्या आत येतात. कॅसेट असतील तर डेकच्या लाइन आउटमधून लॅपटॉपमध्ये घ्याव्या लागतात, त्यासाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर पुरतं. ज्या खाजगी बैठकांच्या कॅसेट आहेत, घरातल्या कुणाच्या गाण्याच्या आहेत, त्या आधी घ्या. त्या दुसरीकडे कुठेही मिळणार नाहीत. आणि सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर करून ती दुसऱ्या घरी ठेवा. माझी बहिणीकडे आहे.

ज्यांच्याकडे सीडी नाहीत, फक्त इंटरनेटवरची गाणी आहेत

त्यांच्यासाठीही हाच विचार लागू पडतो. एवढंच बघा की गाणं फोनमधून जातंय की प्लेअर स्वतः खेचून घेतोय. ब्लूटूथवर आणि फोनमधून एअरप्ले केल्यावर ते फोनमधून जातं. स्पॉटिफाय कनेक्टमध्ये किंवा क्रोमकास्टवर कास्ट केल्यावर प्लेअर स्वतः इंटरनेटवरून घेतो आणि फोन निव्वळ रिमोट राहतो. दुसऱ्या प्रकारचा स्पीकर घ्या आणि टीपॉयवरच्या जुन्या फोनवर घराच्या नावाचं वेगळं खातं ठेवा. तुमच्या स्वतःच्या खात्यावर बाबांनी गाणं लावलं तर लोकलमध्ये तुमच्या कानातलं बंद पडतं.

दुसरी खोली, आणि बटणं

एक प्लेअर स्थिरावला की दुसरा जोडावासा वाटतोच. लिरियनमध्ये दोन प्लेअर एकत्र बांधता येतात, मग हॉल आणि स्वयंपाकघरात एकच गाणं एकाच क्षणी वाजतं. दिवाळीच्या पहाटे आम्ही हे करतो. एरवी दोन्ही वेगळे. कंट्रोलरवर वर खोलीचं नाव दिसतं, तिथे बोट ठेवून खोली बदलायची. प्लेअरना नावं देताना कंपनीची नावं ठेवू नका. "हॉल", "किचन", "बाबांची खोली" अशी साधी ठेवा.

मला सर्वांत जास्त शक्यता दिसते ती पडदा नसलेल्या कंट्रोलरमध्ये. खारघरच्या माझ्या मित्राच्या आईला मोतीबिंदूनंतर फोनचा पडदा नीट दिसत नाही. त्यानं होम असिस्टंट हे घरातली उपकरणं चालवणारं फुकट सॉफ्टवेअर एका पायवर चालवलं. ते लिरियनशी बोलतं. त्याला त्यानं झिगबी या कमी विजेवर चालणाऱ्या बिनतारी पद्धतीची दोन बटणं जोडली आणि पलंगाच्या कडेला चिकटवली. एक दाबलं की अभंग सुरू, पुन्हा दाबलं की बंद. दुसरं दाबलं की रेडिओ. बटणं सहज वेगळी कळावीत म्हणून एकावर त्यानं शर्टाचं बटण चिकटवलं आहे. काकूंना वायफाय, सर्व्हर, ॲप यातलं काही माहीत नाही. त्या पहाटे पाचला उठतात, अंधारात हात भिंतीकडे नेतात, शर्टाचं बटण चाचपतात आणि दाबतात.

हे बटण बसवायचं असेल तर आधी वरच्या चारही पायऱ्या पूर्ण होऊन महिनाभर न कुरकुरता चाललेल्या असाव्यात. बटण दाबून गाणं लागलं नाही तर म्हाताऱ्या माणसाला पडद्यावरचा निरोप वाचून कारण कळणार नाही. शिवाय बटणातला नाण्यासारखा सेल संपतो, म्हणून एक जादा सेल त्याच खोलीतल्या ड्रॉवरमध्ये ठेवा आणि सेल कुठल्या नंबरचा आहे ते बटणाच्या मागे मार्करनं लिहा.